रणजीचे वेळापत्रक कोणाचे?

द्वितीय वर्ष, कला

२०२४ सालच्या फेब्रुवारीत मी बारावीची परीक्षा देत होतो. पेपर सुटल्यावर एस. टी. ला अवकाश असे, म्हणून आम्ही चार-पाच जण स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत बसत असू. तेथल्या वर्तमानपत्रात एके दिवशी बातमी होती की, क्रिकेट नियामक मंडळाने वार्षिक करारबद्ध खेळाडूंच्या यादीतून श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावे वगळली. रणजी सामने खेळायची टाळाटाळ त्यांना भोवली, असा तिचा मथितार्थ होता. टपरीवाल्या काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "माज उतरवला ते बरं झालं." आम्ही माना डोलावल्या. मी तर जरा जास्तच डोलावली. आपल्या पोरांना गावच्या मैदानावर मॅटसुद्धा मिळत नाही, आणि यांना रणजी खेळायचा कंटाळा येतो म्हणजे काय!

ते मत माझे आज पुरते बदलले आहे असे नाही. ईशानने त्या हंगामात वैयक्तिक कारण सांगून दक्षिण आफ्रिकेचा दौरा सोडला, झारखंडकडून रणजी खेळला नाही, आणि पुढे नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्पर्धेत वीस षटकांचा सामना खेळायला मात्र उतरला. याचे समर्थन कोण करील? रणजी करंडक १९३४-३५ पासून चालत आलेला आहे. भारतीय संघात पोचलेला बहुतेक प्रत्येक जण याच पायऱ्या चढून वर गेला. वर गेल्यावर त्याच पायऱ्यांना नाक मुरडणे शोभत नाही, आणि मंडळाने तसे बजावले तर त्यात वावगे काही नाही.

परंतु घोडे पेंड खाते ते पुढे. ज्या यादीत या दोघांना जागा नव्हती, त्याच यादीत हार्दिक पंड्या वरच्या 'अ' श्रेणीत होता, आणि तो २०१८ नंतर प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या पाठीचे दुखणे खरे असेल, त्याचा उपयोग मर्यादित षटकांतच जास्त असेल, सगळे मान्य. मग नियम काय, हे आधी सर्वांना सारखे सांगायला नको होते का? बरे, ज्या श्रेयसला वगळले तो यादी जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी मुंबईकडून रणजीचा उपांत्य सामना खेळत होता. अंतिम सामन्यात त्याने ९५ धावाही काढल्या.

माझ्या डोलणाऱ्या मानेला पहिला झटका बसला तो त्याच उपांत्य सामन्याने. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर तामिळनाडूविरुद्ध मुंबईचे सात गडी १०६ धावांत बाद झाले होते. नवव्या क्रमांकावर शार्दूल ठाकूर आला आणि त्याने १०९ धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीतले त्याचे ते पहिले शतक. शार्दूल हा पालघरचा. क्रिकेटचे अवजड किट खांद्यावर घेऊन लोकलने मुंबई गाठणारा मुलगा म्हणून त्याची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. एवढा पराक्रम केल्यावर माणूस चार गोड शब्द बोलून मोकळा होतो. त्याने मात्र वार्ताहरांपुढे वेळापत्रकाची तक्रार मांडली. दोन सामन्यांमध्ये तीनच दिवस, असे ओळीने दहा सामने खेळायचे, हे द्रुतगती गोलंदाजाच्या शरीराला झेपणारे नाही, असेच चालले तर देशभर मुले जायबंदी होतील, पूर्वी आम्हांला बाद फेरीत अधिक विश्रांती मिळत असे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

मी घरी येऊन वहीच्या मागल्या पानावर हिशेब मांडला. त्या वर्षीची रणजी स्पर्धा ५ जानेवारीला सुरू झाली आणि अंतिम सामना १४ मार्चला संपला. म्हणजे सत्तर दिवस. मुंबईचे साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे, म्हणजे अठ्ठावीस दिवस. उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम असे तीन सामने, प्रत्येकी पाच दिवसांचे, म्हणजे पंधरा. एकूण त्रेचाळीस दिवस मैदानावर. उरले सत्तावीस. त्यांतच प्रवास, त्यांतच सराव, आणि त्यांतच काय ती विश्रांती. सामना लवकर संपला तर एखादा दिवस पदरात पडायचा. आमचे वडील शेतकरी. क्रिकेटमधले त्यांना फारसे कळत नाही. पण हा हिशेब सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, "बैलाचं खांद आलं की आम्ही त्याला जुंपत नाही. यांचं खांद कोण बघतं?"

खांद कोण बघतो, हाच तर या लेखाचा प्रश्न आहे.

शार्दूलच्या बोलण्याला राहुल द्रविडने पाठिंबा दिला. तो तेव्हा भारतीय संघाचा प्रशिक्षक होता. जे या घाण्यातून जातात त्यांचे ऐकले पाहिजे, असे त्याने धरमशाला येथे सांगितले. आणि पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात मंडळाने खरोखरच बदल केला. रणजी स्पर्धा दोन भागांत विभागली गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच साखळी सामने, मध्ये मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि जानेवारीच्या अखेरीपासून उरलेली रणजी. उत्तरेकडच्या धुक्याचे काही दिवस त्यामुळे टळले, गोलंदाजांनाही मध्ये श्वास घ्यायला मिळाला. कोणी म्हणेल, झाले की मग! एक खेळाडू बोलला, मंडळाने ऐकले, आता तक्रार कसली?

तक्रार अशी की, तो बोलला म्हणून ऐकले. तो कोण होता? भारताकडून कसोटी खेळलेला, आय. पी. एल. मुळे घरोघरी माहीत असलेला, नुकतेच शतक काढून आलेला. हेच वाक्य एखाद्या ईशान्येकडच्या राज्याच्या बावीस वर्षांच्या गोलंदाजाने उच्चारले असते तर ते छापले तरी असते का? किंबहुना त्याने ते उच्चारले असते का?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे विस्कळीत झाला. मंडळाच्या हाती मोजकेच आठवडे होते. रणजी घ्यावी की पन्नास षटकांची विजय हजारे स्पर्धा, असा पेच होता. मंडळाने मते मागवली ती राज्य संघटनांची. त्यानुसार विजय हजारे स्पर्धा झाली, आणि सत्त्याऐंशी वर्षांत प्रथमच रणजी स्पर्धा झाली नाही. निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. महिलांची एकदिवसीय स्पर्धाही त्या वर्षी घेतली गेली, ही तर चांगलीच गोष्ट. पण ज्यांची वर्षभराची कमाई रणजीच्या दिवसांवर मोजली जाते, त्यांना कोणी विचारले? त्यांना मिळणारे मानधन हे सामना खेळला तरच मिळते. महिन्याचा पगार नाही. नुकसानभरपाईचा निर्णय झाला तो २०२१ च्या सप्टेंबरात, म्हणजे हंगाम उलटून गेल्यावर, आणि तोही आदल्या हंगामात खेळलेल्यांना मानधनाच्या निम्म्याचा. ज्यांचे ते पहिलेच वर्ष ठरले असते त्यांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार करावा.

त्याच वेळी मानधन वाढवले, हे नोंदवणे न्यायाचे होईल. वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला चाळीस हजार, वीस ते चाळीस सामनेवाल्याला पन्नास, आणि त्यापुढच्याला साठ हजार. राखीव खेळाडूला निम्मे. आमच्यासारख्यांना हे आकडे वाचून गरगरते. साखळीचे सातही सामने खेळणाऱ्या नवख्याला सव्वाअकरा लाखांच्या आसपास मिळतात. पण सातही सामने खेळणारे किती? आणि हे किती वर्षे मिळतात? गुडघा गेला, की दुसऱ्या दिवसापासून शून्य. आणि तो गुडघा वेळापत्रकाने घालवला असला तरी शून्यच.

येथे माझ्या एका मित्राची हकीकत सांगतो. त्याचे नाव देत नाही. एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचणीसाठी तो दोन वर्षे राबला. पहाटे उठून बांधावर पळायचा, गोठ्याच्या भिंतीवर खडूने तीन यष्ट्या काढून चेंडू टाकायचा. चाचणी शनिवारी होती. गुरुवारी रात्री साडेनऊला मोबाइलवर निरोप आला की, मैदान उपलब्ध नसल्याने चाचणी उद्या सकाळी सात वाजता होईल. आमच्या गावातून पहिली एस. टी. सुटते सहा वाजता, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला दीड तास लागतो. तो पोचला तेव्हा नावे पुकारून झाली होती. कोणाला दोष द्यावा? निरोप पाठवणाऱ्या गृहस्थांच्या मनात काही कपट नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारी मुले होती, एवढेच. पहिली एस. टी. कितीला आहे, हे त्यांनी विचारले नाही, कारण ते विचारायचे असते हे त्यांच्या गावीही नव्हते. मित्र आता औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो.

म्हणून 'वेळापत्रक' हा शब्द मला कारकुनी वाटत नाही. कोण खेळणार आणि कोण घरी बसणार, हे पुष्कळदा तेच ठरवते.

आता बोलण्याचा मुद्दा. मनोज तिवारी हा बंगालचा कर्णधार, भारताकडून एकदिवसीय सामन्यात शतक काढलेला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने समाजमाध्यमावर लिहिले की, रणजी स्पर्धेत इतक्या गोष्टी चुकत आहेत की ती पुढल्या वर्षीपासून बंदच करावी. हे रागाचे बोलणे होते हे उघड आहे. त्याच महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाने ज्या स्पर्धेत आयुष्य घातले तिच्याविषयी काढलेले ते उद्गार. त्याबद्दल त्याच्या मानधनातून दंड कापला गेला. गंमत अशी की, त्या वेळी तो पश्चिम बंगाल राज्याचा क्रीडा राज्यमंत्री होता! मंत्र्याला दंड होतो, तर विशीतल्या पोराने तोंड उघडावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

आपल्याकडे खेळाडूंची संघटना नाही का? आहे. लोढा समितीच्या सुधारणांनंतर २०१९ साली ती स्थापन झाली. तिचे दोन प्रतिनिधी, एक पुरुष व एक महिला, मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर बसतात. परंतु ती संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. आज जो घाम गाळतो आहे त्याला तिच्यात जागा नाही. कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना बोलावून मंडळाने त्यांची मते ऐकल्याचेही प्रसंग आहेत. पण ऐकून घेणे वेगळे आणि मताचा अधिकार असणे वेगळे. आमच्या घरी लग्नाच्या बोलाचालीत आत्याचे सगळे ऐकून घेतात.

शेजारी काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी ढाक्यात शाकिब अल हसन, तमीम इक्बाल, मुशफिकुर रहीम, महमुदुल्ला असे बांगला देशाचे सगळे बिनीचे खेळाडू एकत्र येऊन उभे राहिले आणि अकरा मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही खेळणार नाही असे त्यांनी जाहीर केले. भारताचा दौरा दोन आठवड्यांवर आला होता. मला नवल वाटते ते त्या मागण्यांचे. राष्ट्रीय स्पर्धेत सामन्यामागे मिळणारे पस्तीस हजार टका एक लाख करा. ढाक्याच्या लीगमध्ये खेळाडूला आपला संघ पूर्वीसारखा स्वतः निवडू द्या. प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता वाढवा. आमच्या देशी प्रशिक्षकांना, पंचांना आणि मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांना नीट पगार द्या. यांतले बहुतेक काही शाकिबच्या स्वतःच्या उपयोगाचे नव्हते. त्याला सामन्याच्या पस्तीस हजारांची काय मातब्बरी? पुढे मागण्या तेरा झाल्या, आणि त्यांत मंडळाच्या उत्पन्नातला वाटा मागितला तसे महिला खेळाडूंना समान वागणूक हेही मागितले.

मंडळाचे अध्यक्ष नझमुल हसन दुसऱ्या दिवशी भडकले. त्यांना यात कारस्थान दिसले. अधिकाऱ्यांना संपात नेहमी कारस्थान दिसते, कारण इतकी माणसे आपणहून नाराज असू शकतात यावर विश्वास ठेवणे त्यांना जड जाते. पण २३ तारखेच्या रात्री समेट झाला. सामन्याचे मानधन वरच्या गटात साठ हजार आणि खालच्या गटात पन्नास हजार टका झाले. मागितले लाख, मिळाले साठ. तरी मिळाले.

या गोष्टीला काळी बाजूही आहे, ती लपवत नाही. आठवडाही गेला नाही तोच शाकिबवर आंतरराष्ट्रीय परिषदेने बंदी घातली. सट्टेवाल्याने संपर्क साधला होता ही गोष्ट त्याने कळवली नव्हती, आणि ते त्याने कबूलही केले. पुढे तर ज्या अध्यक्षांविरुद्ध तो उभा राहिला, त्यांच्याच पक्षातून २०२४ च्या जानेवारीत तो खासदार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सरकारच कोसळले. तेव्हा शाकिबला कोणी देव करू नये. पण माळ्याच्या पगाराची मागणी त्यामुळे खोटी ठरत नाही.

आमच्या एका प्राध्यापक सरांशी मी हा विषय काढला. सरांचे म्हणणे असे : "लक्षाधीश खेळाडूंनी कामगारांसारखे संप करणे हा विनोद आहे. ज्यांना पगारच मिळत नाही त्यांच्याविषयी लिही." सरांचा मुद्दा मी मनात घोळवला. तो निम्मा पटतो. पण उरलेला निम्मा पटत नाही तो याच कारणाने, की ज्याला काही मिळत नाही त्याचे कोणी ऐकत नाही, आणि ज्याचे ऐकतात त्याने बोलू नये असे आपणच म्हणतो. मग बोलायचे कोणी? मंडळाने आय. पी. एल. च्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. पैसा नाही म्हणून गाडे अडले आहे अशातला भाग नाही.

२०२५ च्या जानेवारीत या वादाला वेगळेच वळण लागले. न्यूझीलंडकडून मायदेशी ०-३ आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात १-३ अशी हार झाल्यावर मंडळाने दहा कलमी फर्मान काढले. देशांतर्गत सामने खेळणे त्यात सक्तीचे केले. रोहित शर्माने त्या सुमारास मुंबईत जे सांगितले ते बऱ्याच लोकांना सबब वाटले. गेल्या सहा-सात वर्षांत आम्ही सलग पंचेचाळीस दिवस घरी बसलो असे झालेले नाही, आय. पी. एल. संपल्यावर मोकळा वेळ मिळतो पण तेव्हा देशात सामने नसतात, असे तो म्हणाला. मला ती सबब वाटत नाही. खेळाडूच्या वर्षाचे दिवस मंडळच विकते, आणि उरलेल्या दिवसांत तू रणजी का खेळला नाहीस असेही मंडळच विचारते.

अखेर रोहित खेळला. वांद्रे-कुर्ल्याच्या त्याच मैदानावर जम्मू-काश्मीरने रोहित, रहाणे, जैस्वाल, श्रेयस, दुबे अशा नामांकितांच्या मुंबईला पाच गड्यांनी हरवले. हे वाचून मी एकटाच हसत होतो. मुंबईच्या पराभवाचे दुःख झालेच. पण ज्या मुलांची नावे आपण कधी ऐकली नव्हती त्यांना त्या दिवशी सर्व देशाने पाहिले. आठवड्याने दिल्लीत विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला उतरला, तेव्हा हजारो लोक लोटले. हिमांशू सांगवानने त्याचा सहा धावांवर त्रिफळा उडवला, आणि गर्दी पांगू लागली. सामना चालूच होता.

फर्मान काढून मोठे खेळाडू रणजीला आणता येतात, चार दिवस गर्दीही होते. पण ते तेथे सक्तीने आलेले असतात, आणि काम झाले की जातात. त्यांनी तेथे असताना ड्रेसिंग रूममधल्या पोरांना, तुम्हांला काय जाचते, असे विचारावे आणि बाहेर येऊन शार्दूलसारखे बोलावे, हे फर्मानात लिहिता येत नाही. मला हवे आहे ते एवढेच की, बोलणाऱ्याला दंड होऊ नये, आणि मंडळाच्या परिषदेवर आज रणजी खेळत असलेला एक मुलगा व आज खेळत असलेली एक मुलगी मताच्या अधिकारासह बसावी. वेळापत्रक छापण्यापूर्वी ते त्यांनी एकदा वाचावे.

आपल्या जिमखान्याच्या फलकावर यंदा आंतरमहाविद्यालयीन सामन्याची तारीख लागली, तेव्हा तीच आमच्या अंतर्गत परीक्षेची तारीख होती. मी संघात नाही, पण अर्ज मी लिहून दिला, कारण अर्जाची भाषा मला बरी जमते. पुढील सत्रापासून तारखा लावण्यापूर्वी पुरुष व महिला संघांच्या कर्णधारांना दाखवाव्यात, अशी विनंती त्यात आहे. त्यावर दोन्ही संघांच्या मिळून एकोणीस सह्या झाल्या. तिघांनी, नाव कशाला उगीच, म्हणून सही केली नाही. अर्ज कार्यालयात दिला आहे. पोच घेतलेली आहे.